अंगणातल्या मुंग्या बदलल्यात का? नाशिककरांनो, जरा खाली बघा

मातीतली | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

गंगापूर रोडला आमची जुनी सोसायटी आहे. तीन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. त्याआधी तिथे मुरमाची जमीन होती, कडेला दोन कडुनिंब आणि एक बहावा. त्या जमिनीत डोंगळ्यांची किमान चार बिळं मला माहीत होती. संध्याकाळी डोंगळ्यांची रांग बहाव्यावर चढायची आणि पोट फुगवून खाली यायची. लहान मुलं रांगेत काडी आडवी ठेवून बसायची. ती रांग ब्लॉक बसल्यापासून मी पाहिलेली नाही.

मुंग्या गेल्या असं मात्र नाही. आता ब्लॉकच्या फटीफटीतून बारीक, काळपट, लांब पायांची मुंगी निघते. ती सरळ चालतच नाही. दोन पावलं इकडे, चार तिकडे, मध्येच गिरकी. आठवीच्या मुलांनी तिचं नाव ‘भिरभिरी’ ठेवलंय. शास्त्रीय नाव पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस. माणसाच्या सामानासुमानातून जगभर पसरलेली ही जात आहे. बंदरं, दवाखाने, हॉटेलं, सिमेंटच्या फटी, कुठेही ती संसार थाटते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गेली दोन वर्षं मुलांना घेऊन तीन ठिकाणच्या मुंग्या बघतेय: सोसायटीचं हे अंगण, दिंडोरीला भावाच्या द्राक्षबागेचा बांध आणि अंजनेरीच्या पायथ्याची पायवाट. महिना तोच, वेळ सकाळी आठची, प्रत्येक जागी अर्धा तास. अंजनेरी राखीव क्षेत्र आहे, तिथून काही उचलायचं नाही, फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. मुलांना हे आधी जड गेलं, मग तेच एकमेकांवर लक्ष ठेवायला लागले.

मुंग्याच का, असं पालक विचारतात. पक्षी उडून जातो, फुलपाखरू हंगामापुरतं येतं. मुंगीचं घर एका जागी असतं. तिथली माती तापली, वाळली, दाबली गेली, विषारी झाली तर तिला ते सोसावं लागतं किंवा ती संपते. शिवाय मुंग्या सगळी कामं करतात. कुणी बिया गोळा करतं, कुणी शिकार, कुणी मावा किडीचा गोड चिकटा पितं, कुणी मेलेले किडे ओढून नेतं. म्हणून एखाद्या जागेच्या मुंग्या ओळखल्या की तिथे बी आहे का, पाचोळा आहे का, सावली आहे का, हे माती न उकरता कळायला लागतं. जगात मुंग्यांच्या १४,०००हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत, भारतात ८००हून जास्त. २०२२ साली हाँगकाँग आणि वुर्झबर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी पृथ्वीवरच्या एकूण मुंग्यांचा अंदाज मांडला, २०च्या पुढे १५ शून्यं. त्यांचं कोरडं वजन कार्बनच्या हिशेबात सगळे रानटी पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून होईल त्याहून जास्त भरतं.

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या अंगणात, गच्चीवर, शेतात, लहानपणी कोणत्या मुंग्या होत्या आणि आता कोणत्या आहेत, ते इथे लिहा. नाव येत नसेल तर रंग, आकार, चाल लिहा. नाशिक शहर गेल्या वीस वर्षांत किती बदललं ते आपण वर बघून सांगतो. खाली बघून कुणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

---

सह्यवेडा | १४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

सुंदर विषय. ब्रह्मगिरीच्या वाटेवर आणि हरसूलकडच्या रानात मोठमोठी वारुळं अजून जागोजागी आहेत. म्हणजे तिकडे तरी मुंग्यांचं बरं चाललंय असं म्हणायला हरकत नाही.

---

त्रिरश्मी | १४ ऑक्टोबर, रात्री १०.५०

सह्यवेडा दादा, वारूळ मुंग्यांचं नसतं, वाळवीचं असतं. आपल्या बोलण्यात दोन्ही एकच झाल्या आहेत, कारण वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात. पण नातं बघितलं तर वाळवी झुरळांच्या कुळातली आणि मुंगी गांधीलमाशी-मधमाशीच्या. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचा खच पडतो, त्यातली बहुतेक पाखरं वाळवीची. त्यांना गट्ट करायला जी झुंबड उडते, ती मुंग्यांची. रिकाम्या वारुळात मुंग्या राहायला येतात हे खरं, पण बांधकाम त्यांचं नाही.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, प्रबंधाचा विषय मुंग्याच आहे, त्यामुळे हा धागा बघून फार आनंद झाला. ताई, तुमच्या अंजनेरीच्या यादीत काय काय आहे?

---

मातीतली | १५ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

यादी छोटी आहे, कारण ओळख पटली तेच लिहिते. बाकीच्यांना ‘तांबडी, दोन मणी, मोठं डोकं’ अशी वर्णनं आहेत. मुलांना मी मणी मोजायला शिकवलंय. छाती आणि पोट यांच्यामध्ये मुंगीच्या कमरेला एक किंवा दोन मणी असतात. एक की दोन, एवढं भिंगातून दिसलं की निम्मं काम होतं. डोंगळ्याला एक, भिरभिरीला एक. धान्य गोळा करणाऱ्या मोठ्या डोक्याच्या फायडोलीला दोन.

तीच फायडोली आम्हाला अंजनेरीच्या पायवाटेवर सापडली. बिळाच्या तोंडाभोवती गवताच्या फोलपटांचं गोल कडं होतं. रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी उघडीप. मुंग्या आतलं ओलं बी बाहेर आणून उन्हात पसरत होत्या. एकेक दाणा उचलून, जागा बदलून, उलटा करून ठेवत होत्या. आमच्या आजी गच्चीवर गहू वाळवायच्या तशाच. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळ हेच पाहून लिहून ठेवलंय. तेव्हा मुंग्या धान्य साठवतात यावर युरोपातले बरेच अभ्यासक विश्वास ठेवायला तयार नव्हते.

सोसायटीच्या अंगणात अशी एकही मुंगी नाही. असणार कशी? गवताचं बीच नाही.

---

सिडकोची_आई | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

तुमचा विषय मोठा आहे, माझा प्रश्न घरगुती. ओट्यावर अगदी बारीक पिवळसर मुंग्या येतात. दर महिन्याला फवारणीवाला येतो. आठ दिवस बरं वाटतं, मग आधी एका कोपऱ्यात होत्या त्या तीन कोपऱ्यांत दिसतात. माझ्याच घरात असं का?

---

त्रिरश्मी | १५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

काकू, तुमच्याच घरात नाही, हे सगळीकडे होतं. वर्णनावरून ती फॅरो मुंगी असावी. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारा मारला की वसाहत घाबरून फुटते. एकेक राणी थोड्या कामकऱ्यांना आणि अंड्यांना घेऊन वेगळा संसार मांडते. म्हणून एका कोपऱ्याचे तीन होतात.

फवारणी थांबवा. साखरेच्या पाण्यात अगदी थोडी बोरिक पावडर घालून कापसाचा बोळा भिजवायचा आणि झाकणात ठेवायचा. मुलांच्या, मांजरांच्या हाती लागणार नाही अशा जागी. पावडर जास्त झाली तर मुंगी वाटेतच मरते, उपयोग होत नाही. कमी असली की ती घरी जाऊन सगळ्यांना पाजते. दोन-तीन आठवडे धीर धरायचा. आणि बाहेर अंगणात सरसकट फवारणी करू देऊ नका. तिथल्या मातीतल्या मुंग्या मेल्या की रिकाम्या जागेत सगळ्यात आधी याच भटक्या जाती घुसतात.

---

गोदाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मला एक कळत नाही. पंचवटीत आमच्या वाड्यात मुंग्याच मुंग्या आहेत. इतक्या की ताट खाली ठेवता येत नाही. मग पर्यावरण उत्तम आहे असं समजायचं का? संख्या भरपूर म्हणजे चांगलंच ना?

---

त्रिरश्मी | १५ ऑक्टोबर, रात्री ११.३०

गोदाकाठ काका, हाच प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किती आहेत याला फार अर्थ नाही. कोणत्या आहेत याला आहे. भिरभिरी, फॅरो, घरातली ती फिकट पोटाची आणि गडद डोक्याची ‘घोस्ट’ मुंगी, या जाती माणसाच्या उष्ट्यावर आणि सिमेंटच्या उबेवर वाढतात. त्यांची गर्दी म्हणजे दुसऱ्या कुणाला तिथे जागा उरलेली नाही. उलट एखाद्या चांगल्या रानात पाच मिनिटं उभं राहिलं तर काहीच दिसत नाही. पाचोळा बाजूला केला की तिळाएवढ्या, जवळजवळ आंधळ्या शिकारी मुंग्या दिसतात. त्यांना ओलावा लागतो, कुजणारं लाकूड लागतं, आणि त्या खातात ते बारीकसारीक किडे लागतात. त्या असल्या तर खालची सगळी उतरंड शाबूत आहे असं समजायचं.

निव्वळ जातींची संख्यासुद्धा फसवते. रान थोडं तोडलं, उघडं पडलं की उन्हाच्या मुंग्या आत येतात आणि काही वर्षं यादी उलट वाढलेली दिसते. यादी वाढली म्हणून आपण खूश आणि रानातल्या खऱ्या रहिवासी मुंग्या मात्र गेलेल्या.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. तिथे बॉक्साइटसाठी जंगल खरवडून काढतात आणि नंतर पुन्हा झाडं लावतात. लावलेलं जंगल ‘झालं’ की नाही हे ठरवायचं कसं? १९७०च्या दशकात जॉनाथन मेजर यांनी तिथे मुंग्या मोजायला सुरुवात केली. जिथे झाडाझुडपांचे प्रकार जास्त लावले होते, जमिनीवर पाचोळा आणि लाकडं पडू दिली होती, तिथे मुंग्या लवकर परतल्या. एकाच जातीची झाडं लावली तिथे रेंगाळल्या. आणि जातींची संख्या मूळ जंगलाजवळ पोचली तरी कोणत्या जाती आहेत ते लवकर जुळलं नाही. पुढे ॲलन अँडरसन यांनी मुंग्यांचे त्यांच्या वागण्यावरून गट पाडले: दादागिरी करणाऱ्या, उष्ण जागेच्या, संधिसाधू, पाचोळ्यात दडून राहणाऱ्या, ठरावीक भक्ष्यच मारणाऱ्या वगैरे. जातीचं नाव सापडलं नाही तरी गट ओळखता येतो, म्हणून आमच्यासारख्यांना ही विभागणी फार उपयोगी पडते.

आता आपल्याकडे बघा. नाशिकभोवतीच्या किती टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावलंय. लांबून हिरवंगार दिसतं. खाली उतरून पाचोळा उकरा. दुसरीकडे सातपूरला फाशीच्या डोंगरावर लोकांनी देशी झाडांची देवराई उभी केली आहे. या दोन प्रकारच्या हिरव्यांत मुंग्यांना काय फरक वाटतो, हे मला प्रबंधात शोधायचं आहे.

आणि आपला जिल्हा तर यासाठी आयती प्रयोगशाळा आहे. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, येवल्याकडे पाचशेच्या. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या रस्त्यात घाटाच्या मुंग्या संपतात आणि माळाच्या सुरू होतात. ही सीमा आज कुठे आहे ते नोंदवून ठेवलं तर पाऊसमान बदलल्यावर ती सरकली का, हे पंधरा-वीस वर्षांनी कुणालाही तपासता येईल. आज नोंदच नसेल तर तेव्हाचा अभ्यासक कशाशी ताडून बघणार?

---

गोदाकाठ | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

समजलं. आमच्या वाड्यातली गर्दी म्हणजे उष्ट्याची पंगत आहे तर. लहानपणी विहिरीजवळ औदुंबराच्या खोडात मोठी लाल-काळी मुंगी होती, चावली की हात सुजायचा. झाड १५ वर्षांपूर्वी काढलं. ती मुंगी नंतर पाहिलेली नाही.

---

त्रिरश्मी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

डोकं काळं, छाती लाल, पोट काळं, अंग लांबट असेल तर ती टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. जुन्या झाडांच्या पोकळ लाकडात राहते. काका, ही नोंद तारखेसकट लिहून ठेवा. झाड कोणत्या साली काढलं तेही.

---

निफाडकर | १७ ऑक्टोबर, रात्री ९.५५

मी द्राक्ष उत्पादक. वडिलांपासून बाग आहे. गोडी छाटणीची घाई चालू आहे म्हणून उशीर झाला, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडे मुंगी म्हणजे वैरी. कारण सांगतो. द्राक्षावर मिलीबग येतो, ज्याला आम्ही पिठ्या ढेकूण म्हणतो. तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, घड बाजारातून गेला. मुंग्यांना तो चिकटा हवा असतो. म्हणून त्या ढेकणाची गुरं राखावीत तशी राखण करतात. त्याला खाणारा भुंगा आला तर हाकलतात, पिल्लं उचलून नव्या फुटीवर नेऊन सोडतात. माझे वडील फवारणीचं वेळापत्रक बघायचे नाहीत, खोडं बघायचे. खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की म्हणायचे, वर ओलांड्यावर (तारेवरच्या आडव्या फांदीवर) ढेकूण बसलाय, साल काढून बघ. दर वेळी सापडायचा. म्हणजे मुंगी निरोप देते हे आम्हाला माहीत होतं, फक्त तो आम्ही पुढे वाचला नाही. निरोप मिळाला की निरोप्यालाच मारायचं. बुंध्याला कीडनाशकाची आळवणी करायची, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतायचं, संपलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका प्लॉटला क्रिप्टोलेमस भुंगे आणून सोडले. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली, हुबेहूब ढेकणासारखी, पण ती ढेकूण फस्त करते. पहिल्या वर्षी काही फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी खोडाला चिकट पट्टी बांधली, ढिली साल काढली, तारांना टेकलेलं तण कापलं, म्हणजे मुंगीला वर जायला दुसरी वाट नको. त्या वर्षी भुंग्यांनी काम केलं. जमिनीतल्या मुंग्या मी मारल्या नाहीत, फक्त वरची वाट बंद केली.

निर्यातीच्या मालात औषधांच्या अंशाचं भय कायम असतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो फटका आमच्या भागातला कुणी विसरलेला नाही. त्यामुळे एक फवारणी वाचली तरी मोठी गोष्ट.

आता माझा प्रश्न. आळवणी होते त्या प्लॉटमध्ये बोदाची (वेलींच्या ओळीतल्या उंच वाफ्याची) माती घट्ट, पाणी वरच्या वर थांबतं. आळवणी बंद केलेल्या प्लॉटमध्ये ठिबकचं पाणी पटकन मुरतं. याचा मुंग्यांशी संबंध आहे का, की मी उगाच जोडतोय?

---

मातीतली | १८ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

दादा, उगाच नाही. मुंग्या बिळं करताना खालची माती वर आणतात आणि जमिनीत हवा-पाणी जायला वाटा तयार होतात. ऑस्ट्रेलियात कोरडवाहू गव्हाच्या शेतात हे मोजलंय. मुंग्या आणि वाळवी असलेल्या पट्ट्यात पाणी जास्त मुरलं आणि पीकही जास्त आलं. गांडुळं जिथे कोरडेपणामुळे टिकत नाहीत तिथे हे काम मुंग्या करतात. तुमच्या दोन प्लॉटमध्ये इतरही फरक असतील, सेंद्रिय खत, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, तेही लिहून ठेवा.

आणि तुम्ही वाट बंद करून जे साधलंत, तेच एका बेटावर मोठ्या प्रमाणात करावं लागलं. हिंदी महासागरात ख्रिसमस बेट आहे. तिथे लाल खेकडे जंगलाचा पाचोळा आणि रोपं खाऊन जमीन स्वच्छ ठेवतात. बाहेरून आलेल्या यलो क्रेझी मुंगीने तिथे वसाहतींचे जंगी पट्टे तयार केले आणि लक्षावधी खेकडे मारले. खेकडे गेले तिथे रोपांची गर्दी झाली, जंगलाचं रूपच पालटलं. त्या मुंगीला बळ मिळत होतं झाडांवरच्या खवले किडीच्या चिकट्यातून. वर्षानुवर्षं विषारी आमिष टाकून झालं. शेवटी २०१६ साली मलेशियातून एक अतिशय बारीक गांधीलमाशी आणून सोडली. ती मुंगीला हातही लावत नाही, त्या खवले किडीत अंडी घालते. मुंगीची साखर तोडायची, हा विचार. तुमची चिकट पट्टी त्याच विचारातली आहे.

---

दापोलीची_लेक | १८ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

माझं माहेर कोकणात, सासर नाशिकरोडला. कोकणात आंब्यावर ओंबील असते, पानं शिवून घरटं करणारी तांबडी मुंगी. कुणी हुमला म्हणतं. आंबे काढायला चढलेल्या माणसाला ती फोडून काढते, तरी वडील तिची घरटी जाळू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तिच्या झाडावर कीड कमी. इथे आल्यावर मला ती आजूबाजूला कुठे दिसली नाही.

---

मातीतली | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.००

वडिलांचं बरोबर होतं. चीनमध्ये संत्र्याच्या बागांत हीच मुंगी पिशवीत घालून विकत आणायचे आणि झाडांवर सोडायचे. इसवी सन ३०४च्या सुमाराची तशी नोंद आहे. किडीवर कीड सोडण्याची ती सगळ्यात जुनी माहीत असलेली नोंद मानतात. तिला दाट, एकमेकांत मिसळलेली झाडं आणि दमट हवा लागते. घाटाच्या बाजूला त्र्यंबक-पेठकडे कुणाला पानं शिवलेलं घरटं दिसलं तर नक्की इथे लिहा, जागेसकट. त्रिरश्मी म्हणते त्या सीमेसाठी ही मुंगी उत्तम खूण ठरेल, कारण घरटं लांबून ओळखू येतं.

---

सातपूरवासी | १९ ऑक्टोबर, रात्री १.२०

कारखान्यात रात्रपाळीला असतो. आमच्या शेडबाहेर काँक्रीटचा मोठा पट्टा आहे. मे महिन्यात दुपारी त्यावर पाय ठेवता येत नाही, रात्री दहालाही ऊब जात नाही. तिथल्या काळ्या मुंग्या मी फक्त रात्री दोन ते पहाटे पाचपर्यंत बघतो. गावी, सिन्नरजवळ, तशाच दिसणाऱ्या मुंग्या सकाळी नऊ-दहापर्यंत बाहेर असतात. हे नोंद करण्यासारखं आहे का?

---

त्रिरश्मी | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

दादा, नोंद करण्यासारखं आहेच, या धाग्यावरची ही मला सर्वांत मोलाची माहिती वाटते. मुंगीला स्वतःच्या अंगाची उष्णता नाही, जमीन जेवढी तापते तेवढी ती तापते. त्यामुळे ती आधी वेळ बदलते. वेळ बदलूनही भागेना, की जात बदलते.

अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात सारा डायमंड यांच्या गटाने ओकच्या पोकळ फळात राहणाऱ्या चिमुकल्या मुंग्या शहरातून आणि बाहेरच्या रानातून आणल्या. प्रयोगशाळेत सारख्या तापमानात वाढवल्या. तरीही शहरातल्या मुंग्यांच्या वसाहतीत जन्मलेल्यांना जास्त उष्णता सोसत होती आणि थंडी कमी. म्हणजे ती नुसती सवय नव्हती, अंगात उतरलेला बदल होता. शहर तापायला लागून शंभरेक वर्षंच झाली असताना. आपल्याकडे सातपूर-अंबडचं काँक्रीट आणि त्र्यंबकचा डोंगर यांत तसाच फरक पडलाय का, हे बघायला हवं.

तुम्ही फक्त एवढं करा. आठवड्यातून एका रात्री, त्याच जागी, पहिली मुंगी किती वाजता दिसली आणि शेवटची किती वाजता, ते लिहा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर जमिनीचं तापमानही.

---

सिडकोची_आई | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

बोळे ठेवलेत. माझ्या मुलीलाही तुमच्या मुलांसारखं मुंग्यांच्या मोजणीत यायचं आहे, सातवीत आहे. काय काय लागेल?

---

मातीतली | १९ ऑक्टोबर, रात्री ९.००

पांढरे जाड कागदाचे तुकडे, गूळ, शेंगदाण्याचं तेल, मीठ, बिस्किटाचा चुरा, घड्याळ, वही, मोबाइलला लावायचं भिंग. बस. कागदावर चारही कोपऱ्यांत चार पदार्थ चिमूटभर ठेवायचे, सावलीत जमिनीवर टेकवायचा, एक तासाने फोटो काढायचा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी शाळकरी मुलांकडून बिस्किटाच्या चुऱ्यावर मुंग्या गोळा करून घेतल्या, त्यावरून हे सुचलं. मीठ मुद्दाम ठेवतो. अमेरिका खंडातल्या एका अभ्यासात समुद्रापासून जितकं आत जावं तितकी मुंग्यांची मिठाची ओढ वाढलेली दिसली. आपण समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहोत, इथे काय होतं बघू.

संशोधक जमिनीशी तोंड समपातळीत येईल असा प्लास्टिकचा पेला पुरतात, त्यात साबणाचं पाणी ठेवतात. ठरलेली पद्धत म्हणजे २०० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला एक पेला आणि एक चौरस मीटर पाचोळा, असे वीस-वीस नमुने. ती त्रिरश्मी परवानगी काढून करेल. त्यात मुंग्यांचा जीव जातो, मुलांकडून मी ते करून घेत नाही.

---

त्रिरश्मी | २३ नोव्हेंबर, रात्री ८.१५

रविवारी मोजणीसाठी पाच जण जमलो. सविस्तर तक्ता नंतर टाकते. सोसायटीच्या ब्लॉकवर चारही कोपऱ्यांत भिरभिरी, दुसरं कुणीही नाही. पण ताईंच्या बहाव्याखाली आळ्यापुरती माती मोकळी राहिली आहे, तिथल्या कागदावर गुळाच्या कोपऱ्यात एक डोंगळा आला. एकटाच. गूळ पिऊन तो भिंतीच्या बाजूला गेला. सातवीतल्या आमच्या मैत्रिणीने त्याचा माग काढला. तो कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये, बाभळीच्या बुडात शिरला.

---

मातीतली | २३ नोव्हेंबर, रात्री ८.४०

त्या प्लॉटवर बांधकामाचा फलक लागलाय. सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढणार आहे, निदान आपल्या कुंपणालगतचे दोन हात ब्लॉक उचलून माती मोकळी करू द्या म्हणून. बहाव्यापासून बाभळीपर्यंत सलग पट्टा होईल.

---

निफाडकर | २१ डिसेंबर, सकाळी ७.०५

बांधावरूनच लिहितोय. आज कडाक्याची थंडी आहे, हात गारठलेत. तुमचं वाचून या हंगामात दोन्ही प्लॉटच्या मधला बांध खुरपला नाही, तणनाशकही मारलं नाही. तिथे एक बीळ सापडलंय. तोंडाभोवती कोंबड्याची बारीक पिसं, वाळकी पानं, मेलेल्या किड्यांचे पाय, असं उभं रचून ठेवलंय. मला आधी वाटलं वाऱ्याने आलं असेल. आत्ता पिसांवर दवाचे थेंब होते. आतून एक मोठी काळी, चकचकीत, अंगावर बारीक रेघा असलेली मुंगी आली आणि तिने एक थेंब तोंडात धरला. फुटू न देता. तशीच आत गेली. मग दुसरी आली. फोटो टाकतोय. ही कोण?

---

त्रिरश्मी | २१ डिसेंबर, सकाळी ७.२०

डायकॅमा! दादा, ती पिसं तिनेच आणून लावली आहेत, दव गोळा करायला. मार्क मॉफेट यांनी १९८५ साली भारतातल्या याच कुळातल्या मुंगीची ही युक्ती लिहिली. रांग करून चालत नाही, एकेकटी शिकार करते. त्या बांधावर पाय ठेवू नका, मी दुपारच्या बसने येतेय.

---

निफाडकर | २१ डिसेंबर, सकाळी ७.२५

या. पिंपळगावच्या फाट्यावर उतरा, मी गाडी घेऊन येतो. बिळाभोवती चार काड्या रोवून ठेवल्यात.